कुमुदच्या लॅपटॉपची झोप

मंडळी, ऐका! गोविंदबुवा, पेटी जरा हळू — हं, हाच सूर राहू द्या. आज एकच प्रश्न. घरात नवं माणूस आलं, तर त्याला जागा कुठून द्यायची? जुन्याला पुसून? सांगा की! काकू, तुम्ही मान हलवताय खऱ्या, पण हो म्हणताय की नाही, काही कळत नाही!

तर आख्यान आहे लॅपटॉपचं. हसू नका! देव चराचरात आहे म्हणता ना? मग लॅपटॉप काय चराचराच्या बाहेर ठेवलाय?

समुद्रकाठी एक गाव. तिथे मोरेश्वर खवणेकर. नारळाची बाग, मऊ स्वभाव, बोलणं कमी. त्यांची बायको कुमुद तापाचं निमित्त होऊन गेली, आणि पुढे काही वर्षं ते घर नुसती गाज ऐकत बसलं. मग नात्यातल्यांनी दुसरं लग्न जमवलं, शैलजा घरात आली. ती मातीचे नकाशे करायची. कुठल्या शेतात कसली माती, ते संगणकावर रंगवायचं, हे तिचं काम. एक दिवस तिचा संगणक बसला तो बसलाच! काम अडलं. मोरेश्वर उठले, कपाटातून साडीत गुंडाळलेला लॅपटॉप काढला. कुमुदचा.

"घे. आता तुझाच."

आता बघा, लॅपटॉपात एक कारभारी असतो — ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात त्याला. शैलजाच्या नकाशांना दुसरा कारभारी लागायचा. दोघांना एकाच डिस्कवर ठेवायचं तर डिस्कचे भाग पाडायचे. पार्टिशन! आपल्याकडे भावाभावांत होतं तेच — फक्त इथे कोर्टात जावं लागत नाही!

दुपारची वेळ. झावळ्यांच्या सावल्या भिंतीवर हलताहेत, वाऱ्याला मिठाचा वास, सगळं घर पेंगुळलेलं. शैलजाने पेन ड्राइव्ह लावला, नवी सिस्टीम आत घ्यायला लागली. आणि डिस्क काही जागा देईना! बरं, भरलीय म्हणावं तर अर्धी रिकामी! शैलजाने पडद्यावरची सूचना वाचली.

"अहो, हा म्हणतोय जुनी सिस्टीम बंदच केलेली नाही. झोपलीय. झोपलेली असताना तिचा भाग लहान करता येणार नाही."

"असं कसं? मी स्वतः झाकण लावलं होतं. कुमुदला दवाखान्यात नेलं त्या दिवशी."

"झाकण लावलं म्हणजे बंद झालं असं नाही हो. समोर जे उघडं होतं, ते सगळं डिस्कवर तसंच ठेवून हा निजलाय."

मोरेश्वर घाबरून एक पाऊल मागे सरले. म्हणजे इतकी वर्षं कुमुदचं काहीतरी चालूच आहे? ते आज कळतंय — आणि आजच बंद करायचं?

घाबरला की माणूस काय करतो, मंडळी? सगळ्यात सोपं बटण शोधतो! पडद्यावर ते होतंच. संपूर्ण डिस्क पुसून नवी सिस्टीम टाका.

"ते दाब," मोरेश्वर म्हणाले. "सगळी जागा तुला."

शैलजाने माऊसवरचा हात काढून घेतला.

"पुसून दिलेली जागा मला नको. मला इथे राहायचंय हो — कुणाला घालवून नाही. न उठवता झोपेतच बंद करून टाकायचीही सोय आहे, पण मग आत उघडं असेल ते जाईल. तेही नको. तुम्ही उठवा तिला."

पेन ड्राइव्ह काढला. मोरेश्वरांनी बटण दाबलं. पडदा उजळला... आणि मंडळी, समोर एक चित्र! कुमुदने रंगवायला घेतलेलं. समुद्र झालेला, होडी झालेली. आभाळासाठी निळा रंग निवडून ठेवलेला — आणि आभाळ कोरं!

काळ कुठे गेला, कळेना. मोरेश्वरांना वाटलं, ती चहा ठेवायला उठलीय, आता पदराला हात पुसत येईल. एक टिचकी मारली की आभाळ निळं होणार होतं. त्यांचं बोट माऊसवर गेलं.

"भरू का गं?"

"तिचं राहिलंय ना? राहू दे तसंच," शैलजा हळूच म्हणाली.

त्यांनी चित्र जतन केलं. यंत्राने नाव विचारलं. त्यांनी लिहिलं, कुमुद. मग 'बंद करा' असं बटण होतं, तेही स्वतःच दाबलं. पडदा काळा झाला, आणि हा अबोल माणूस हुंदके देऊन रडला. शैलजाने रडू दिलं. पाठीवर हात ठेवून बसली नुसती.

मग पुन्हा पेन ड्राइव्ह लावला. आता जुना भाग निमूट सरकला, जागा झाली, नवी सिस्टीम येऊन बसली. लॅपटॉप सुरू केला तर पडद्यावर दोन नावं — कुठली उघडू?

मोरेश्वर म्हणाले, "तू निवड."

तिने जुनी निवडली!

"आधी ती नीट उठतेय ना, बघू. माझे नकाशे मग."

आता तुम्ही! खांबाला टेकून डोळे मिटलेत ते — तुम्हीसुद्धा! भावाशी बोलणं टाकलंत, गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं टाळलंत, आणि म्हणता, झालं गेलं संपलं. संपलंय कुठे? नुसतं झाकण लावलंय! घरी जा, उघडा. रडू येईल, येऊ द्या. जपायचं ते जपा, आणि मग स्वतःच्या हाताने बंद करा. अहो, मन अर्धं रिकामंच आहे तुमचं! देव कधीचा उंबऱ्यावर बसलाय, आणि आपण आतून त्याला सांगतोय — हळू, आवाज करू नकोस, इथे कुणीतरी झोपलंय!