दुसरा सांगावा

न्हाई, मी मेले त्याचं मला काही न्हाई हो, पण आधी सांगायचं तरी! पोटच्या लेकानं आईला परस्पर मारून टाकायचं, आन आईनं ते साऊंड बॉक्सवर ऐकायचं, तेबी गल्लीतल्या सगळ्या बाया बोलावून, वर त्यान्ला चहा पाजून... सांगा तुमीच, ही काय रीत झाली?

तुमाला सांगते, आमचा सुरज पुण्याला चटणीची कंपनी चालवतो. 'मायची चटणी'. कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची. नाव त्याचं, डबे त्याचे, चटणी माझी. मी हितं तेलगावात उखळात कांडते, ट्रॅव्हल्सच्या गाडीवर पिशव्या चढवते, तिकडं त्याला चिठ्ठ्या चिकटतेत. बरं चाललं होतं की! तर एक दिवस आला आन म्हणाला, "माय, आता कंपनीचा पॉडकास्ट काढायचा." मी म्हटलं, त्याला तेल किती लागतं? "खायचं न्हाई माय, ऐकायचं असतं! जाहिरात लोक पुढं ढकलतेत, पण गप्पा ऐकत बसतेत. गाडी चालवताना, भांडी घासताना. रोज कानात बोलणारा माणूस घरचाच वाटाया लागतो, मग माल बी त्याचाच घेतेत. धंद्याला लई फायदा होतो!"

असंल बाबा. माझ्यापेक्षा जास्ती शिकलाय.

मग काय, भर उन्हाळ्यात खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद, म्हैस लांब नेऊन बांधली, आन माझ्या तोंडापुढं ते कापसाच्या बोंडावानी माईक. "माय, बोल." बोलले हो! गळा सुकेस्तोवर बोलले. हा होस्टेलात जेवायचा न्हाई म्हणून मी चटणी धाडायची, पोरं त्याचा डबा लुटायची, तिथून हे सगळं कसं सुरू झालं... आयुष्यात मला कुणी असं समोर बसून इचारलं नव्हतं. शेवटी म्हणाला, "माय, आता नुसती कांड, आवाज घेतो." कांडली. "एक नंबर!" म्हणाला. मी मनात म्हटलं, आता माझा लेक जगाला सांगणार, ही माझी माय, विजयमाला. बाकी काय पायजे मला?

ज्या दिवशी ते आलं, त्या दिवशी भजनी मंडळाचा साऊंड बॉक्स ओसरीवर लावला. शेजारची मंजुळाबाई इरकल नेसून पुढं बसली. आमचे मालक दाढी करून आले, जसं काय त्यान्ला कुणी बघणार होतं! झालं सुरू. आधी बासरी. मग धप... धप... "अगं बाई, तुझं उखळ!" बाया खूश! आन मग आमचा सुरज, आवाज असा विहिरीत सोडल्यावानी, "हे उखळ आजही माझ्या कानात वाजतं. पण ते वाजवणारे हात... आज आपल्यात नाहीत."

परत बासरी.

मी हातांकडं बघितलं. हातात चहाची किटली होती.

मंजुळाबाईनं तर गळाच काढला, "अगं माझ्या विजेऽऽ, कशी गं गेलीस न सांगता!" आन पडली कुणाच्या गळ्यात? माझ्याच! मी म्हणते, "मंजुळाबाई, मी हाय की हितं!" ती म्हणते, "व्हय गं, पण पोरगं इतकं चांगलं बोललं, राहवलंच न्हाई!" मालक भिंतीला टेकून बसलते. म्हणाले, "म्हणजे मी रंडका झालो? कवा?"

पण धंद्याला लई फायदा होतो म्हणे!

लावला फोन. "कावून रे सुरज, मी बोललेलं कुठं गेलं?" "माय, मनावर घेऊ नको. ती स्टोरी असती. गिऱ्हाईकाचे डोळे भरले की बोट आपोआप ऑर्डरवर जातंय. डबे कमी पडायलेत!" मी म्हटलं, "आन जिवंत मायची चटणी खपत न्हाई का रे?" तर काय म्हणावं? "जिवंत माय सगळ्यान्लाच असती, माय. तिचं काय सांगायचं?"

मी आपलं इचारलं, "बरं, कशानं मेले ते तरी सांग, गावात इचारतेत." तर हसला हो तो... मला वाटलं होतं, हसणार न्हाई.

मंजुळाबाईनंच समजूत घातली. तुमाला ठाऊक हाय, डोक्यावर कावळा बसला की पाव्हण्यांत मुद्दाम खोटा सांगावा धाडतेत, बाई गेली म्हणून. पाव्हणे रडतेत, गंडांतर टळतं, आन मागून दुसरा सांगावा जातो... खोटं होतं, बाई जिवंत हाय, जेवायला या! म्हणाली, "विजे, तसंच समज. दुसरा सांगावा येईल की!"

समजले. दर शुक्रवारी ऐकाया लागले. एका शुक्रवारी पुठ्ठ्याची खोकी कशी निवडावी. एका शुक्रवारी कुरिअरवाल्याची मुलाखत, तो पाऊण तास बोलला हो, त्याचं काही कापलं न्हाई! मग गिऱ्हाईकांचे निरोप, "नाशिकहून एक ताई लिहितात, आपल्या मातोश्रींच्या आत्म्यास शांती लाभो. तिखट जरा कमी ठेवा." आता मेलेली बाई तिखट कमी कसं करणार? केलं मी कमी.

दिवाळीला म्हटलं, पुण्याला येते, तुझी कंपनी बघते. तर, "ये की माय! पण ऑफिसात नको, खोलीवरच थांब. पोरं... उगं बावचळतील." न्हाई गेले. माझ्या जिवंतपणाचा कुणाच्या धंद्याला त्रास नको. लई फायदा होतो म्हणे!

आन काल फोन आला. शुक्रवार नव्हता, सणवार नव्हता, आवाज असा मऊ! "माय, तुझ्यावर परत एक भाग करायलोय." मालकांना खूण केली, टीव्ही बंद करा... आला! दुसरा सांगावा आला! "बोल की रे राजा."

"त्या भागाला वर्ष होतंय ना माय. तर वर्षश्राद्धाची ऑफर ठेवलीय, दोनावर एक फुकट. दुप्पट माल लागंल. जमंल ना तुला?"

जमंल म्हटलं. मालक इचारतेत, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "लोकांना जेवायला बोलावलंय."

तर उठते आता. कारळ भाजून ठेवलंय, कांडाया बसलं पायजे... माझंच वर्षश्राद्ध हाय, मीच उशीर करून कसं चालंल?