स्पीकरखालच्या चकत्या

मंडळी, एक सांगा — दुसऱ्याच्या घरची आमटी आपल्या घरच्यापेक्षा चवदार का लागते? हसू नका! घरी जाऊन जेवायचंय!

सांगलीत रत्नाकरपंत नावाचे एक गृहस्थ. गाण्याचे दर्दी! घरी रेकॉर्ड लावायचं यंत्र, दोन ऐटबाज स्पीकर. पण सुख कुठंय? दर गुरुवारी बायको, कुमुदताई, मिरजेला बहिणीकडे जायची, तिथं गाणं ऐकायची, आणि परत येऊन म्हणायची, "अहो, भास्कररावांकडे तंबोरा काय घुमतो! अंगावर काटा आला."

भास्करराव म्हणजे पंतांचे साडू. झालं! काळजात कळ उठली. बायको माझी — आणि 'वा' म्हणायला साडूचं घर?

पंत लागले कामाला. स्पीकरखाली रबराच्या चकत्या घातल्या. "कुमुद, फरक कळला का?"

"हो, बरं वाटतंय."

बरं? नुसतं बरं? जाड वायर आणली. "आता?" पिन उलटी करून खोचली. "आता?" कोनाड्यातला गणपती हलवला — आवाज त्याला आपटून परत येतो म्हणे! देवालाही सोडलं नाही, मंडळी! "आता कळला का फरक?"

कुमुदताई उठली. "कुकर लावते," म्हणाली.

जळफळाट नुसता! पुढच्या गुरुवारी पंतही मिरजेला. साडूंकडे रेकॉर्ड लागलेली, आणि हे हळूच स्पीकरमागे रांगताहेत — याने असं केलंय तरी काय? बघतात तो — डाव्या स्पीकरची वायरच निघालेली! वर धूळ. सगळं एकट्या उजव्यावर चाललेलं, आणि त्याच्याखाली दुमडलेला पुठ्ठा!

"पंत, काही हरवलं का हो?" मागे भास्करराव उभे.

"नाही... ही वायर..."

"ती होय? गणपतीत निघाली. राहूनच गेलं बघा!"

आणि पलीकडे कुमुदताई भिंतीला टेकून, डोळे मिटून, मान डोलावतेय.

परतताना बसमध्ये पंतांना राहवेना. "मेल्या एका स्पीकरवर तुझी मान डोलते! माझ्या घरी का नाही?"

"तिथं गाणं लागलं की कुणी माझ्या तोंडाकडे बघत नाही," कुमुदताई म्हणाली. "घरी तुम्ही टक लावून बसता. फरक कळला का, फरक कळला का! मी गाणं ऐकू, की परीक्षा देऊ?"



आता चकत्यांनी फरक पडतो का? पडतो हो! डुगडुगणारा स्पीकर नीट बसला की आवाज सुधारतो, मी कुठं नाही म्हणतोय? पण साडूच्या नाकावर टिच्चून घातलेली चकती स्पीकरखाली राहत नाही, आपल्याच कानात जाऊन बसते!

दुसऱ्याच दिवशी घरी पंतांनी रेकॉर्ड लावली आणि बायकोकडे पाठ करून बसले. मागून हूं नाही की चूं नाही. वळून बघायला जीव तुटत होता — नाही वळले! गाणं संपलं. तेव्हा मागून आवाज आला, "अहो... परत लावता का?"

कळलं ना, मंडळी? मग मघापासून चुळबूळ कसली? पलीकडच्या देवळातला माईक आपल्यापेक्षा खणखणीत वाजतोय — मलाही ऐकू येतंय! वाजू द्या! माना इकडे करा, डोळे मिटा, आणि शेजाऱ्याचा आवाज न मोजता म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!