बूट घालून पोहण्याची परीक्षा

आई : मी फेनेला एवढंच म्हटलं, की बूट घालून तू दगडासारखी बुडशील. खरं बोलायचंही नाही का?

नीन्के : परीक्षेला दहा मिनिटं असताना? आई, फेने सहा वर्षांची आहे.

आई : शेजारची सान्ने पाचव्या वर्षीच अंगावरच्या कपड्यांसकट, पाण्याखाली टांगलेल्या त्या पडद्याच्या भोकातून पोहत पार झाली. थोरल्या बहिणीने धाकटीला फुगवू नये. तू स्वतः तीनदा नापास झालीस.

नीन्के : आणि तू काचेपलीकडे मान हलवत होतीस. आता मी कालव्यावरच्या पुलावरून उलटी उडी मारते. बघायला ये कधीतरी, फुकट आहे.

आई : त्यात काय, बदकंही मारतात.

फेने : आई, मी बुडाले तर तू रागावशील?

आई : बुडालीस तर ऐकायला असशील का? चल, नाक पूस.

नीन्के : फेने, इकडे बघ. पाण्याखाली डोळे उघडे ठेवायचे, भोक दिसलं की घुसायचं. मी काचेला नाक लावून उभी असेन, डुकरासारखी.

फेने : अगदी चपटं लावशील?

(फेने पाण्यात उतरते. दोघी काचेपाशी.)

नीन्के : सगळ्यांच्या आज्या फुलं घेऊन आल्यात. आपली कुठंय?

आई : नको येऊस म्हटलं. फेनेच म्हणाली, मला जमणार नाही.

नीन्के : ते वाक्य तुझं आहे, तिने पाठ केलंय. शाळेत बाईंनी विचारलं, तुला काय छान येतं. तर म्हणे, आईला विचारून सांगते.

आई : मला माझ्या आईने असंच वाढवलं. काय बिघडलं माझं?

नीन्के : तू अजून एकदाही पाण्यात उतरलेली नाहीस, आई.

आई : बघ, थांबली ती. म्हटलं नव्हतं?

नीन्के : श्वास घेतेय. गेली खाली. आई, पार झाली ती. बघितलंस?

आई : बुटाची नाडी सुटलीय तिची.

नीन्के : फेने, ये, ओली असलीस तरी बस आमच्यामध्ये. आता सर एकेकाचं नाव घेऊन प्रमाणपत्र देतील. ऐक, "फेने होकस्ट्रा." ऊठ की.

(फेने वाकून बुटाची नाडी बांधू लागते.)

नीन्के : पुन्हा घेतलं बघ. सगळे थांबलेत. आई, तू तरी सांग तिला.

आई : ऊठ फेने. हसं करू नकोस माझं.

फेने : ती दुसरी फेने असेल, आई.