डाव्या डोळ्याचा कॅमेरा

टोकन सव्वीस. थेंब टाकल्यावर डोळे मिटून बसा. लातूरच्या या दवाखान्यातला पंखा एकाच बाकाला वारा देतो. त्या बाकावर उदगीरचे रेवणप्पा आणि देगलूरचे शेषेराव, दोघेही जुने फोटोग्राफर. सकाळपासून थेंब टाकून दमलेली अंबिका सिस्टर त्यांच्या मागेच उभी होती.

“उजवा डोळा गेलाच म्हणायचा का, रेवणप्पा?”

“गेला. नातीच्या बारशासाठी रोल भरून ठिवलाय, शेषेराव.”

“मग कॅमेऱ्याला डावा लाव की.”

“कसा लावू? रोल ओढायचा खटका बाहेर काढल्याबिगर माझ्या कॅमेऱ्याचं उजेड मोजायचं मीटर चालत न्हाई. डावा लावला की खटका उजव्या डोळ्यात घुसतो.”

“त्या डोळ्याला आता काय लागायचं राहिलंय!”

“तरी बी.”

“माझा घेऊन जा. त्याचं मीटर बटणावर चालतं.”

“तुझ्यात शटरचा वेग बदलायचं कडं लेन्सभोवती हाय. माझी बोटं वरची चकती शोधतात.”

“चार दिसात सवय हुईल. लई नखरे करून राहिलास.”

“वजनाला बी हलकाय. हात हलतो.”

“न्यायचाच न्हाई म्हण की सरळ.”

“हाव. तसं समज.”

सकाळी अंबिकाने तपासलं, तेव्हा रेवणप्पांच्या डाव्या डोळ्याला तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही दिसलं नव्हतं.