माग थांबले तेव्हा

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. आपण रोज हात जोडून म्हणतो — देवा, माझं ऐक! पण आपण ऐकतो का हो कुणाचं? देवाचं राहू द्या, तो लांब आहे! घरातल्या माणसाचं? ... नका, उत्तर देऊ नका. बायको शेजारीच बसलीय!

ऐका तर. विट्यात विश्वनाथ तारळेकर नावाचा विणकर होता. खाली आठ यंत्रमाग, वर बिऱ्हाड. सकाळी बटण दाबलं की खडाड्-खट्, खडाड्-खट् — बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे! माणूस वाईट? मुळीच नाही! निर्व्यसनी, कष्टाळू, गळ्यात माळ. इकडं धोटा धावतोय, तिकडं ओठांवर नाम! पण घरच्यांना उत्तर एकच — मान हलवायची. 'जेवायला वाढू?' — मान. 'मामा आलेत!' — मान!

वरच्या खोलीत वडील. आप्पा. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. विश्वनाथ सकाळी त्यांच्या पाया पडायचा, की लगेच खाली.

एके दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला गल्लीतली डीपी जळाली. आठही माग एकदम गप्प! उद्या माल द्यायचा, आणि हे असं! विश्वनाथ डोकं धरून पायरीवर बसला. तेवढ्यात वरून आवाज आला — 'विश्वा... अरे विश्वा...'

त्यानं बायकोला विचारलं, 'कुमुद, आप्पा हाक मारतायत?'

'रोजच मारतात. याच वेळेला.'

'मग मला सांगायचं नाही?'

'सांगितलं की,' ती म्हणाली. 'तुम्ही मान हलवलीत.'

अहो, थोबाडीत परवडली! धावतच वर गेला. 'आप्पा, काय हवंय? पाणी? कूस बदलू?'

आप्पांनी चांगल्या हातानं त्याचं मनगट धरलं. 'काही नको रे. माग थांबले... वाटलं, तुला काही झालं.'

'आणि रोज हाक मारता ती?'

म्हातारा ओशाळला. 'ती आपली उगीच. बस जरा.'

बसला. आप्पांचा श्वास कसा ओढून ओढून येत होता! एकाच घरात राहून विश्वनाथानं तो कधी ऐकलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी वीज आली, माग सुरू झाले. पाच वाजले — आणि विश्वनाथानं स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली ओढला! कामगार ओरडला, 'मालक, लाइट गेली?'

'गेली नाही, मी घालवली. तुम्ही चहा घ्या.' आणि गेला वर.

रोज पंधरा मिनिटं! व्यापारी भडकला. म्हणाला, असं असेल तर काम दुसरीकडं देईन. दिलंसुद्धा! दोन माग रिकामे पडले. मंडळी, देवानं ते चमत्कारानं भरून दिलं, असं मी सांगणार नाही. नाही भरून दिलं!

दिवाळीच्या आधी आप्पा गेले. तेरावं झालं, माग पुन्हा लागले. कुमुदला वाटलं, आता कशाला थांबतील हे? पण पाच वाजले आणि स्विच खाली आला. विश्वनाथ पायरीवर येऊन बसला. वर जायचं कुणाकडं? डोळे वाहायला लागले.

कुमुद शेजारी टेकली. मग हळूच म्हणाली, 'अहो, माझंही एक सांगायचं राहिलंय.'

'कधीपासून?'

'झाली अकरा वर्षं.'

तो तिच्याकडं वळून बसला. 'सांग,' म्हणाला.

काय सांगितलं तिनं? ते आपल्याला काय करायचंय! ते त्या दोघांचं.

आपलं बघा. आपल्याकडं माग नसतील, पण टीव्ही आहे, मोबाइल आहे, आणि सगळ्यात मोठा खडखडाट — आपलंच तोंड! पखवाजवाले, हात जरा खाली घ्या. टाळ ठेवा. ... आता मी 'बोला' म्हणणार, म्हणून तुम्ही तोंडं उघडलीत! नको. आज असेच उठा, गप्प घरी जा. आणि दारातून आत गेल्यावर पहिलं माणूस जे बोलेल ना — ते शेवटपर्यंत ऐका.