बांगड्यात टोमॅटो

काढणार नाही म्हणजे नाही. अंधेरीहून बोरीवलीला आलास, पंखा लावून दिला, पाणी दिलं, झालं — आता तुझ्या साहेबाला जाऊन सांग, दिपालीबाई टाकलेला व्हिडिओ काढून टाकत नाहीत. काय म्हणालास? सिंडिकेशन? सुयोग, मला सिंडिकेशन म्हणजे काय ते तू सांगणार? अरे, दर आठवड्याला तुमच्या एजन्सीला रेसिपी लिहून देते ती मीच ना? मला सगळं ठाऊक आहे — एकदा रांधायचं आणि तेच पातेलं गावोगाव फिरवायचं, आणि प्रत्येक दारात वाढताना थोडं पाणी ओतायचं, हे तुमचं सिंडिकेशन! पेपर वेगळे, गावं वेगळी, ताटात सगळीकडे तेच पाणचट. आणि नावं काय एकेक — कॉन्टेंट! मी देते ते जेवण असतं रे, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये गेलं की त्याचा कॉन्टेंट होतो. एव्हरग्रीन म्हणे! एव्हरग्रीन म्हणजे काय — तर शिळं, पण वास न येणारं. बस खाली. उभा राहून ऐकलंस तर लवकर संपेल असं वाटतंय का तुला?

बांगड्याचं तिखलं दिलं होतं मी तुम्हाला. म्हणजे माझं कुठलं, आमच्या आईंचं — माझ्या सासूबाई, कृष्णाबाई, आत ओट्याशी आहेत, आवाज हळू ठेव. तर तुमच्या डेस्कवरच्या त्या श्वेताचा फोन — ‘मॅम, तिरफळ सगळीकडे मिळत नाही ना, आपण जरा युनिव्हर्सल करूया ना.’ युनिव्हर्सल! अगं, तिरफळ ठेचून घातल्याशिवाय आमच्याकडे कोणी बांगड्याला हात लावत नाही, हे मी सांगतेय, आणि ही तिकडे ‘हो मॅम, हो मॅम’ करत टाइप करतेय. छापून आलं तेव्हा बघितलं. तिरफळ गायब, आमसूल गायब, आणि घातलं काय? टोमॅटो. वर गरम मसाला. बांगड्यात टोमॅटो, शी! आणि बायलाइन कोणाची? माझी. फोटो माझा, हातात पळी घेऊन हसतेय मी, जशी काही मीच ती घाण केली.

बरं, नागपूरला छापलंत, ठीक आहे, त्यांनी खाल्लं काय, नाही खाल्लं काय. पण हे तुमचं फिरत फिरत गेलं कुठे माहितीये? कुडाळच्या पेपरात! आईंच्या माहेरी! तिथे परसात तिरफळाचं झाड असतं रे, आणि तिथल्या बायकांना तुम्ही सांगताय, तिरफळ मिळत नाही, टोमॅटो घाला. सकाळी सकाळी तिथून आईंना फोन — ‘कृष्णा, मुंबैक जाऊन बांगड्यात टोमॅटो घालूक लागलंस गो?’ आईंनी फोन ठेवला, माझ्याकडे बघितलं, ‘ह्यां कोणी रांधलां?’ — बस, एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. उठल्या आणि सरळ भांडुपला गेल्या, माझ्या दिराकडे. मी आणायला जायचे, तर दार उघडायच्या, पाणी द्यायच्या आणि आत निघून जायच्या. खोटं कशाला बोलू, रडले मी तिथे जिन्यात बसून. लग्न होऊन आले तेव्हा मला साधा भात लावता येत नव्हता. ह्या बाईने शिकवलं सगळं, कधी कोणासमोर हसली नाही मला. आणि तुमच्याकडे दुरुस्ती मागितली तर काय? ‘मॅम, आम्ही फक्त पुरवतो, छापतात ते.’ पेपरवाल्यांना विचारलं तर ‘आम्ही फक्त छापतो, पुरवतात ते.’ वा रे वा! मग टोमॅटो काय आपल्या पायांनी चालत आला?

शेवटी मीच म्हटलं, आई, तुम्ही रांधा, मी फोन धरते, व्हिडिओ नेटवर टाकू, गावाला दाखवू खरं तिखलं कसं असतं ते. तेव्हा कुठे घरी आल्या. आणि काय केलंय त्यांनी — झकास! तिरफळ ठेचता ठेचता टोमॅटोवाल्यांना अशा शिव्या घातल्यात की ज्या बायका हसत होत्या त्यांनीच परत फोन केले. घर पुन्हा घरासारखं झालंय माझं. आणि तू येतोस आणि म्हणतोस, व्हिडिओ काढून टाका. का, तर करारात ऑल मीडिया राइट्स आहेत, तिखलं तुमचं झालं. तुमचं? म्हणजे आईंनी स्वतःचं तिखलं करायला अंधेरीच्या एसीत बसलेल्या पोरांची परवानगी काढायची? एक बांगडा नीट साफ करून दाखव आधी, मग राइट्सचं बोल. लाज नाही वाटत?

काय? काढायचा नाही? मग काय करायचं? ... तोच व्हिडिओ? सिंडिकेट? चल, मला गंडवू नकोस. सगळ्या पेपरांच्या वेबसाइटवर? हिंदीत पण? ... अय्या, गुजरातीत पण? म्हणजे आमच्या सोसायटीतल्या — नाही, त्या कुठे मासे खातात, पण बघतील तरी! दिपालीबेन, दिपालीबेन करत येतील. आणि वर नाव? माझ्या सदराचंच, ‘दिपालीच्या ओट्यावरून’च ना? हं. पण दिसतायत तर आई. ... त्यांचे फक्त हात ठेवायचे? आणि आवाज माझा? हां, हे जमेल, आवाज चांगला आहे माझा, सगळेच म्हणतात. शिव्या काढून टाका हं, बरं नाही दिसत ते. ... टोमॅटो? खाली पट्टीत? ‘तिरफळ नसल्यास’ — आता पट्टी काय, पट्टी कोण वाचतंय, टाका. अरे, आईंना कशाला विचारायचं? त्यांना त्यातलं काय कळतंय? गावची बाई, फोन समोर धरला की खूष. त्यांना कसं गुंडाळायचं ते माझ्यावर सोड तू. फक्त माझा फोटो नवा घ्या, त्या पळीवाल्यात मी फार जाड —

आई? तुम्ही कधी आलात बाहेर? ... काही नाही हो, हा निघालाच होता. असं काय बघताय? आई, मी नुसतं विचारत होते त्याला, विचारलं म्हणजे काय लगेच — फोन कशाला घेतलात? कोणाला लावताय? ... भावजींना? अहो नको, त्यांना कशाला न्यायला बोलावताय, आई, ऐका तरी माझं! आई! — आणि तू काय बघत बसलायस? ऊठ. ऊठ म्हणते ना!