बिजागरीचा पाना

— स्टोव्हची पिन.
— हाय.
— पाळण्याचं कडं.
— हाय.
— दोन चमचे. छत्रीची काडी. परकराची नाडी.
— हायेत, हायेत.
— कोयत्याची मूठ.
— हाय.
— बिजागरी.
—
— बिजागरी?

बया: अवो, तीन दिवस भावाकडं पेठला काय गेले, भिंतीवरचा एकच खिळा रिकामा कसा?

केरू: आल्या आल्या हत्यारांची हजेरी. आधी पाणी तरी पी.

बया: प्याले. बिजागरी कुठंय?

केरू: धड नाव तरी ठेवावं माणसानं. दाराची बिजागरी कापून सायकलच्या चाकाच्या तारा आवळायचा पाना केला, तर पाना म्हण की.

बया: पाना म्हटलं की तुमी तुमचा देता.

केरू: माझा भद्रकालीतनं आणलेला हाय. दुकानातला. त्याच्यावर छाप हाय.

बया: छाप चांगला हाय. तारेच्या टोकाच्या निपलवर बसत नाय एवढंच. तुमच्या सदऱ्याचा खिसा एका अंगाला झुकलाय.

केरू: तंबाखूची डबी.

बया: डबी फळीवर दिसती.

केरू: घे. घे तुझी ती. तुझी बिजागरी काय मी विकून खाणार होतो?

बया: हिच्यातला पत्रा कुठं गेला?

केरू: कसला पत्रा?

बया: खाचेत पावडरच्या डब्याचा पत्रा दुमडून घातलेला. निपल घट्ट धरायला.

केरू: पडला असंल कुठं. आणि पत्रा कशाला लागतो? एवढी मापाची ना तुझी बिजागरी.

बया: होती मापाची. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निपलवर लावली, तर खुळखुळली.

केरू: लोखंड झिजतं.

बया: झिजलं तर गुळगुळीत होतं. ह्याच्यावर कानशीचे ओरखडे हायेत. इकडं या, उजेडात. हे माझे, उजवीकडं उतरलेले. आणि हे वरचे, डावीकडं. ह्या घरात डाव्या हातानं कानस कोण मारतं?

केरू: मला काय ठाऊक?

बया: तुमच्या डाव्या हाताच्या हिशेबानं मी विळासुद्धा येगळा ठेवते. मला नका सांगू.

केरू: आज कळलं?

बया: त्याच सकाळी.

केरू: म्हंजे पंधरा दिवस झाले. आणि बोलली नाय?

बया: पत्रा घातला. काम चाललं.

केरू: हेच. हेच तुझं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

बया: बरं वाटायला खाच रुंद केली काय?

केरू: एक चाक बिघडायला पायजे होतं तुझ्या हातून. एकच. लोकांसमोर. जास्त काय नाय मागितलं मी.

बया: काय केलं मी तुमचं?

केरू: पोळ्याला तोफखान्यातला सुभेदार सायकल घेऊन आला. मी इथं पायरीवर. मांडीवर चाक, हातात पाना, कपाळाला ग्रीस. आणि मला विचारतो, "कोणी आहे का घरात?"

बया: त्याला हसले तरी का मी?

केरू: नाय हसली. चहा केला त्याला. आणि चाक घेतलं. बावीस वर्षं मी खडू धरून, एक डोळा झाकून वाकड्या चाकाचा आउट काढला. सायकलचा चिमटा उलटा ठोकून चाक चढवायचा हा घोडा कोणी बनवला? मी. सायकल टांगायला पाळण्याचं कडं वाशाला कोणी मारलं? मी. आणि तू येते, तारा वाजवते, तुणतुणं वाजवल्यागत, आणि म्हणते, ही ढिली हाय.

बया: ढिली असती म्हणून म्हणते.

केरू: लय वाईट वाटतं, बया. भाकरी गिळवत नाय.

बया: भाकरी चार गिळता.

केरू: त्या येगळ्या.

बया: आणि हे घोड्यावर काय चढवलंय?

केरू: ते राहू दे.

बया: हे तर शाळेच्या खेळाच्या बाईंच्या सायकलचं चाक. उज्वलाताईंच्या. उद्या पहिली माळ, मुली घेऊन सायकलनं वणीला निघणारेत त्या. मी म्हटलं होतं, आल्यावर करते.

केरू: राहू दे म्हटलं ना.

[चाक हळू फिरल्याचा आवाज. एका जागी ते चिमट्याला घासतं, पुन्हा घासतं.]

बया: हा निपल गोल झालाय. हा पण. अवो, पाना फिरून फिरून कडा गेल्यात सगळ्या. चार… पाच… सात. बिजागरीनं केलं तुमी हे? स्वतःच खाच रुंद केलेल्या बिजागरीनं?

केरू: खाच रुंद हाय हे ध्यानातच नाय राहिलं. तू घरात नव्हती. म्हटलं, तुझ्यासारखं करून बघू. डोळे मिटले. तारा वाजवल्या.

बया: मग?

केरू: मला सगळ्या सारख्याच ऐकू आल्या.

उज्वला: केरूभाऊ, आहे का कोणी? अरे, बयाताई आल्या वाटतं. झाली का सायकल? सकाळी सहाला अठरा मुली दारात उभ्या राहणार आहेत माझ्या.

केरू: बाई, जरा अडचण झाली. निपल खराब निघाले. हलका माल.

उज्वला: हलका? पण मागच्या महिन्यात बयाताईंनीच नवे घातले ना?

केरू: तेच. तेच खराब निघाले.

उज्वला: असं कसं? मी सगळ्यांना सांगत फिरते, चाक द्यायचं तर बयाताईंकडे. ताई, तुम्ही बघून घेतले नव्हते का?

[डबा उघडल्याचा आवाज. आत निपल खुळखुळतात.]

उज्वला: काही बोलत नाही तुम्ही. बरं, मग मी स्टेशनजवळच्या दुकानात टाकते. पुढच्या वेळेपासून तिकडेच देत जाईन. राग मानू नका, घाटात मुली असतात बरोबर, चाकावर भरवसा लागतो.

केरू: बोल की गं.

बया: तुमी बोलताय ना.

केरू: बाई, थांबा. सायकल उतरवू नका.

उज्वला: उशीर होतोय भाऊ.

केरू: निपल चांगले होते. हिनं बघूनच घातले होते. माझ्या हातानं गेले ते. हिचा पाना मी बिघडवला, कानस मारून, मुद्दाम. आणि मग त्याच पान्यानं तुमचं चाक करायला बसलो.

उज्वला: मुद्दाम? का?

केरू: तुमी दारात आल्या की हिचं नाव घेता म्हणून.

उज्वला: …अहो, पण सायकल माझी होती ना.

केरू: व्हय. ते चुकलंच.

बया: डब्यात निपल हायेत माझ्याकडं. सांजच्याला पाचला या ताई, चाक मिळंल.

उज्वला: नक्की?

बया: बिजागरी नीट झाली तर नक्की.

केरू: होईल. ऐरणीवर ठोकून खाच आवळून देतो. ते काम मला जमतं.

उज्वला: पाचला येते मग. आणि भाऊ… नाही, काही नाही. येते.

बया: जपून ठोका. एका बाजूनं जास्त दबली तर तिरपी होईल.

केरू: ठोकायचं मला शिकवू नको.

बया: नाय शिकवत. पुढची कानस कोण मारणार?

केरू: तू मार. माझे ओरखडे उलटे जातात.

बया: अवो, एक विचारू? अजून वाईट वाटतंय?

केरू: वाटतंय. जास्तच वाटतंय. बाईंसमोर बोललो तर कमी होईल असं वाटलं होतं.

बया: मग काय करायचं?

केरू: काय करणार. पक्कड दे इकडं.

बया: घ्या. बघू, खाच दाखवा. अजून एक टोला चालंल.

केरू: बया.

बया: हं.

केरू: सत्त्याण्णव साली तू पहिलं चाक सरळ केलं, त्या दिवशी मी गावाला म्हणून निघालो, पण बसस्टँडवरनंच परत आलो होतो. ह्या भिंतीमागं उभं राहून सगळं बघितलं, आणि आजवर बोललो नाय.